पुलापासून सांग

रविवारी पहाटे पळायला निघालो आणि दत्त चौकात वामनकाका मला दहा बाय बाराचे भेटले. रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. फ्लेक्स नवा कोरा, बांबूंना बांधलेली सुतळीसुद्धा पिवळीधमक. मागे निळा समुद्र, समुद्रावर पूल, आणि पुलावरून वामनकाका छाती काढून धावत येत होते. चेहरा त्यांचाच होता, निवृत्तीच्या वेळच्या फोटोतला, चष्म्यासकट. मानेखाली मात्र फ्लेक्सवाल्यानं कुठल्यातरी पंचविशीतल्या धावपटूचं शरीर बसवलं होतं. मांड्यांच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. वर लिहिलं होतं, 'यवतमाळची शान! वय वर्षे ६२! मुंबई मॅरेथॉनमध्ये वयोगटात तृतीय! श्री. वामनराव घाटे यांचा जाहीर सत्कार, आज सकाळी ठीक ११ वाजता.' खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. डावीकडून तिसरा मी, साकेत, हसताना. हा फोटो मी कुणाला दिला होता ते काही केल्या आठवेना. पळताना कुत्रं आडवं आलं तरी माझं बोट आधी घड्याळ थांबवायला जातं. तसं ते आताही गेलं, आणि मी चौकाच्या मधोमध उभा राहिलो. शान वगैरे ठीक होतं. फक्त वामनकाका मुंबईत एक पाऊलही धावले नव्हते. धावलो होतो मी.

थांबलो असतो तर तिथंच थांबून राहिलो असतो, म्हणून पळालो. आर्णी रोडनं, नेहमीपेक्षा जोरात. फेब्रुवारीची थंडी नाकात बोचत होती, जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून उडालेला पुंजका ओठाला चिकटला, तो थुंकायचंही सुचलं नाही. मला राग आला होता, पण कुणाचा ते धड ठरत नव्हतं. फ्लेक्सवाल्याचा यावा तर त्यानं आपलं काम केलं होतं. काकांचा यावा तर ज्या माणसानं मला पळायला शिकवलं त्याचा राग यायला छाती लागते. पाच वर्षांपूर्वी माझी साखर दोनशे ऐंशी निघाली तेव्हा हा माणूस रोज पहाटे माझ्या खिडकीखाली उभा राहून ओरडायचा, "साकेत, उठला काय बे? का मी येऊ वर?" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, बारीक, खाकी हाफ पँटीतला माणूस. पहिल्या दिवशी मी विजेचे दोन खांब पळालो आणि गटाराच्या कठड्यावर बसलो. ते म्हणाले, "उद्या तीन खांब." एवढंच. पुढच्या वर्षी मी नागपूरला एकवीस किलोमीटर पळालो तेव्हा शेवटच्या वळणावर हेच उभे होते, संत्र्याची साल काढून, फोडी सुट्या करून. बायकोनं, भैरवीनं, एकदा म्हटलं होतं की तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी एवढं केलं नसतं. खरं होतं. वडील असते तर मीही ते त्यांना कबूल केलं असतं.

मुंबईचं बेचाळीस किलोमीटर हे काकांचंच खूळ. तो पूल त्यांच्या डोक्यात बसला होता. समुद्रावरच्या त्या पुलावर एरवी माणसाला पायी जाऊ देत नाहीत, शर्यतीच्या सकाळीच काय ते पाय लागतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "बासष्ट वर्षं कोरड्या जमिनीवर पळालो बापा, एकदा पाण्यावरून पळून पाहू." जुलैत पहाटे बरोबर पळणाऱ्या आम्ही पाच जणांनी नावं भरली. सप्टेंबरात काकांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, चाला, पण पळणं विसरा. त्यानंतर काका पळणं विसरले नाहीत, बाकी सगळं विसरले. जेवायचं विसरले, बोलायचं विसरले. गॅलरीतल्या खुर्चीत बसून आम्ही पळत जाताना बघायचे आणि हात करायचे नाहीत. मी खालून "काका, चलतो" म्हणायचो आणि पुढच्या खांबापर्यंत पाठीला त्यांची नजर लागलेली असायची. तरी जानेवारीत ते आमच्याबरोबर मुंबईला आले. रस्त्याच्या कडेला उभा राहीन, म्हणाले. छातीवर लावायचा स्वतःचा नंबरही जाऊन घेऊन आले, ओळखपत्र दाखवून, रांगेत उभं राहून. आदल्या संध्याकाळी लॉजवर तो कागदी नंबर त्यांनी पलंगावर पसरला होता आणि तळहातानं त्याच्या चुण्या काढत बसले होते. त्यावर एकही चुणी नव्हती.

आता जे केलं ते मीच केलं. त्यांनी मागितलं नव्हतं. आमच्याकडे कुणी माहूरला निघालं की शेजारपाजारच्या बाया त्याच्याजवळ आपापली ओटी देतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ, फडक्यात बांधून. ज्यांना गड चढवत नाही त्यांच्या नावानं दुसऱ्यानं ती रेणुकेला भरायची. माझी आई एका खेपेला सात-सात ओट्या न्यायची आणि वर जाऊन एकेकीचं नाव घ्यायची, ही शीलाची, ही तिच्या सासूची. पदरच्या ओटीआधी दुसऱ्यांच्या. मी लहानपणी पिशवी धरून तिच्यामागे उभा असायचो. तेच माझ्या हाताला माहीत होतं. मी म्हटलं, "द्या काका, मी घेऊन जातो. तुमच्या नावानं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, नंबराची चार पदरी घडी घातली, एकदा कपाळाला लावली आणि मला दिली. मी ती कमरेच्या पाकिटात ठेवली, शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर. त्या नंबराच्या पाठीमागं वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते, रस्त्यात अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेलं की ती आपली वेळ परस्पर सांगते, हे आम्हा पाचही जणांना ठाऊक होतं आणि पाचांपैकी एकालाही त्या घटकेला आठवलं नाही. एकाची चिप दुसऱ्यानं नेली तर दोघंही बाद, हेही नियमांत होतं. नियमांखालच्या 'मान्य आहे'वर आम्ही कधीच टिचकी मारून बसलो होतो.

आणि हे माझ्या हातून व्हावं! मी राळेगावला भूमापक आहे. रोज एसटीनं जातो आणि लोकांच्या जमिनी मोजतो. दोन शेतांमधला बांध वर्षाला वीतभर कोरला जातो, आणि कोरणारा दरवेळी शपथेवर सांगतो की नांगर आपसूक सरकला. मी मशीन लावतो, आकडा सांगतो, आणि निघतो. बारा वर्षांत कुणाच्या शेतातला चहा घेतला नाही. त्याचा मला ताठा आहे, भैरवी म्हणते जरा जास्तच आहे. आता पळता पळता मला सारखं वाटत होतं की मी तोच, दोन्ही हात जोडून उभा, नांगर आपसूक सरकला साहेब.

परतीच्या गाडीत काका माझ्या समोर बसले होते. माझे पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले होते, मी नको नको म्हणत असताना. "सांग." मी सांगायला लागलो, सुरुवात अंधारात झाली, गर्दी होती. ते हातानं थांबवून म्हणाले, "थे नोको सांगू. पुलापासून सांग." मग मी पूल सांगितला. पुलावर चढलं की शहराचा आवाज एकदम मागे राहतो. मग फक्त पावलं. हजारो जोडे, डांबरावर, पाऊस पत्र्यावर पडत राहिल्यासारखे. डावीकडून वारा येतो, खारट, जरा कुजकट. खालच्या पाण्याचा रंग आधी शिसवी असतो, मग राखाडी, मग सूर्य वर येतो आणि बघवत नाही. कुणी बोलत नाही. एक बाई मात्र रडत पळत होती, आपल्याशीच. काका डोळे मिटून ऐकत होते. मी पुलावरून खाली उतरलो, शहरात आलो, लोक टाळ्या वाजवत होते, पोरं गोळ्या वाटत होती, अमुक किलोमीटर, तमुक किलोमीटर, शेवट. काका म्हणाले, "पुन्हा सांग. पुलापासून." नाशिक येईपर्यंत मी तीनदा सांगितलं. दर वेळी त्यांना बारीकसारीक जास्त हवं असायचं, कठडा केवढा उंच, पाण्यात बोटी होत्या का, पायाला कसं लागत होतं. तिसऱ्या वेळी मी फुलसिंगचंही सांगितलं. नको होतं सांगायला. पण तेव्हा ती नुसती एक चांगली आठवण होती, आणि चांगली आठवण माणूस कुणाला तरी सांगतोच.

फुलसिंग बत्तिसाव्या किलोमीटरवर भेटला. तोवर माझं शरीर माझं राहिलेलं नव्हतं. गालावर मिठाचा पापुद्रा, तळव्यांत निखारे, आणि डोक्यात एकच आकडा, अजून दहा, अजून दहा. तेवढ्यात बाजूनं कुणीतरी म्हणालं, "हे शहर भल्लं लांबलं बापा!" परक्या गावात, भर उन्हात, आपल्याकडची बोली. मी मोठ्यानं हसलो. काळासावळा, ठेंगणा म्हातारा, मिशा पांढऱ्या, डोक्याला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगठ्याजवळ ते कापून भोक पाडलेलं. ढाणकीजवळच्या तांड्यावरचा फुलसिंग राठोड. साठीपर्यंत वनखात्यात मजूर होता, जंगलात पायीच फिरला, म्हणून पळणं म्हणजे काही वेगळं असतं असं त्याला वाटतच नव्हतं. "यवतमाळचे काय तुम्ही? मंग तं घरचेच." मग तो आपलं गुपित बोलला. "मागल्या साली चवथा आलतो म्या, साठीवाल्याइत. तिसऱ्यापावतर कप भेटते. चवथ्याले कोणी इचारत नाही. यंदा घरून निंघताना भितीले खिळा ठोकून आलो." कशाला, मी विचारलं. "कप टांगाले. त्याले कडी असते, म्या पाह्यली. आता फकत दोन म्हातारे पुढं गेले, मोजूनच राह्यलो मी. तिसरा मीच." मी म्हटलं, "मग पक्कं तुमचं." हे मी म्हटलं. माझ्या कमरेला बासष्ट वर्षांचे वामनकाका चार पदरी घडी होऊन बसले होते, आणि मी त्याला पक्कं म्हटलं.

पस्तिसाव्याजवळ माझ्या पोटरीत गोळा आला. असा की मी दुभाजकाला धरून ओरडलो. लोक बाजूनं जात राहिले. फुलसिंगही पुढे गेला होता, वीसेक पावलं. तो वळून परत आला. शर्यतीत परत येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यानं खाली बसून माझी पोटरी दोन्ही अंगठ्यांनी दाबली, अंगठे लाकडासारखे कडक, आणि दुपट्ट्याच्या गाठीतून लिंबाचं अर्धूक आणि मीठ काढलं. "चोख." मी म्हटलं, तुम्ही जा, तुमचा नंबर जाईल. "थे दोघं तं गेलेच. मागं कोणी म्हातारा दिसत नाही. चोख तू." दोन-अडीच मिनिटं गेली असतील. मग आम्ही निघालो, आणि शेवटच्या चढावर माझे पाय अचानक मोकळे झाले. त्यानंच मला हाकललं. "जाय तू, माह्यासाठी थांबू नोको." मी गेलो. सदतिसाव्यावर मागे बघितलं तेव्हा त्याचा दुपट्टा दिसत होता, अडतिसाव्यावर दिसला नाही.

तीन दिवसांनी वयोगटांचे निकाल आले. काकांचा फोन आला, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा ते हसत होते. "अबे साकेत! मी तिसरा आलो ना बे!" मीही हसलो. खरंच हसलो, अगदी पोटापासून. म्हटलं, मी आयोजकांना कळवतो मेल करून. "हो हो, कळवू नं. काय घाई आहे?" फोन ठेवल्यावर मी ती यादी उघडली. चौथं नाव होतं फुलसिंग राठोड. दोघांमध्ये फरक दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. तो माझ्या पोटरीवर अंगठे रोवून बसला होता तेवढाच वेळ. मी तो आकडा भैरवीला दाखवला. ती म्हणाली, "मग लगेच कळवा. कायले थांबले?" मी मेल लिहायला घेतला. दोनदा घेतला. पण संध्याकाळी काकांकडे गेलो तर काका गॅलरीत उभे होते, बसलेले नव्हते. चौथ्या दिवशी ते चौकापर्यंत चालत आले. आठव्या दिवशी कुरिअरनं कप आला, आणि त्याला खरंच वर कडी होती. मग कुणीतरी पेपरला बातमी दिली, मग कुणीतरी सत्कार ठरवला. दर पायरीवर मला वाटे की आता काका बोलतील, आणि काकांना बहुधा वाटत असावं की आता साकेत बोलेल. खोटं असं कुणीच बोललं नाही. त्या पंधरा दिवसांत मी रोज पळालो आणि रोज एका घराच्या भिंतीवरचा मोकळा खिळा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो कधी पाहिला नाही, पण मला तो नेमका माहीत आहे, दाराच्या उजव्या हाताला, जरा वर, नवा, चकाकणारा.

घरी आलो तर रत्नप्रभाकाकू आलेल्या होत्या. काकांची बायको; शाळेत मुख्याध्यापिका होत्या, सहसा कुणाच्या घरी न सांगता जायच्या नाहीत. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याच. भैरवीनं दिलेला चहा हातात तसाच. "साकेत, तू आज दोन शब्द बोलणार आहे म्हणे." मी मान हलवली. "मले सगळं माहीत आहे. त्यांनीच सांगतलं, पहिल्याच दिवशी. पण पोरा, चार महिने मी त्या माणसाच्या तोंडात घास कोंबत होते. आता ते पोळी मागून घेते. काल म्हणे, रत्ना, दोनच देऊन राह्यली का? तिसरी दे." त्यांचा आवाज फाटला. "कोणाचं काय गेलं रे याच्यात? तू काही बोलू नको." मला म्हणता आलं असतं की ज्याचं गेलं त्याचं नाव मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "नाही बोलणार." त्यांनी चहा एका दमात पिऊन टाकला, गार झालेला, आणि गेल्या. भैरवीनं माझा इस्त्रीचा शर्ट पलंगावर आणून ठेवला.

वाचनालयाचं सभागृह अकराच्या आधीच भरलं होतं. काका मंचावर, निळा कोट, गळ्यात झेंडूचा हार, समोर टेबलावर कप. गालांवर रंग आला होता. ते मला इतके आवडले त्या वेळी की मी मनात म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे चिप. शाल झाली, श्रीफळ झालं. एक भाषण संपत होतं तेवढ्यात मागच्या दारात गडबड झाली आणि खुर्च्यांच्या मधून एक माणूस पुढे यायला लागला. डोक्याला दुपट्टा. हातात नारळ. अनवाणी, चपला दाराशी काढल्या होत्या, जणू देवळात आला होता. माझ्या पोटरीत गोळा आला, खरोखरीचा, बसल्या जागी. मी मान खाली घातली. तो माझ्या शेजारून गेला, मला न बघता, आणि मंचाखाली उभा राहून त्यानं हात जोडले.

"राम राम साहेब. मी फुलसिंग. ढाणकीकडचा. पेपरात वाचलं, आपल्याच जिल्ह्यातले म्हून. पह्यल्या गाडीनं आलो." त्यानं नारळ काकांच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो तिथंच उभा राहिला. "एक इचाराचं होतं. राग नोका मानू. म्या मोजत होतो साहेब, पुढं जाणारे. दोघंच गेलते. तुम्ही मले कुठं मागं टाकलं? मले दिसलेच नाही तुम्ही. तेवढं सांगा, म्हंजे पुढच्या साली तिथं जपून राहीन." त्याच्या बोलण्यात संशय नव्हता, तेच तर सहन होईना. तो खरोखर शिकायला आला होता, एकशे कितीतरी किलोमीटर एसटीनं, आपली चूक काय झाली ते विचारायला. लोकांनाही ते ऐकायचंच होतं. काकांनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले, गाडीत मिटायचे तसे, आणि बोलायला लागले.

"पुलावर नाही," ते म्हणाले. "पुलावर कोणी कोणाले पाहत नाही. नुसते पायाचे आवाज असते. वारा डावीकडून." हळू, सावकाश, एकेक करत त्यांनी सगळं सांगितलं. शिसवी पाणी, राखाडी पाणी, रडणारी बाई. लोक भान हरपून ऐकत होते, आणि मीही, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं सांगत होते. मी जे पळालो ते त्यांनी पाहिलं होतं, मी त्या वेळी कुठं काय पाहत होतो! "मंग पस्तिसाव्यावर मले गोळा आला. पोटरीत. दुभाजक धरून उभा राह्यलो. कोणी थांबे ना. तुम्ही पुढं गेलते, तुम्ही वापस आले. खाली बसून माहा पाय चोळला. दुपट्ट्यातून अर्धं लिंबू काढलं, मीठ लावलं, मले म्हणे, चोख. त्या लिंबावर मी पुढं गेलो भाऊ. चढावर. तुम्हीच म्हटलं, जाय तू."

काकांनी डोळे उघडले. फुलसिंग त्यांच्याकडे बघत होता. त्याचे ओठ किंचित हलले, हिशेब जुळवताना हलावेत तसे. मग त्याची मान वळली, पहिल्या रांगेवरून सावकाश फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यानं मला ओळखलं. माझा चेहरा ओळखला, मग माझी पोटरी, आणि मग, मला वाटतं, सगळंच. माझं बोट घड्याळावर गेलं होतं. तो पुन्हा मंचाकडे वळला, काकांच्या कोटाकडे, हाराकडे, त्या बारीक झालेल्या मनगटांकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो साहेब. बरोबर. तुम्हालेच देल्लं होतं लिंबू." हात जोडले आणि तो दाराकडे चालू लागला. टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या सभागृहात कधी पडल्या नसतील. टाळ्यांत मला काकांचा चेहरा दिसत होता. गालावरचा रंग उतरला होता आणि ते फुलसिंगच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

निवेदकानं माझं नाव पुकारलं. साकेत, आता दोन शब्द. मी उठलो, पायाला अजून कळ होती, लंगडतच मंचावर गेलो. माइक गार होता. खिशात भाषण होतं, काल लिहिलेलं, गुरुवर्य वगैरे. पहिल्या रांगेत रत्नप्रभाकाकू होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी बारीक, नाही म्हणून. मी त्यांना शब्द दिला होता. मला भीती वाटत होती की मी आता या माणसाला पुन्हा त्या खुर्चीत नेऊन बसवणार आहे, आणि या वेळी तो उठणार नाही. मागे दाराशी फुलसिंग चपला शोधत होता. एक सापडली होती, ती पायात घालून दुसरीसाठी वाकला होता.

"फुलसिंगकाका, थांबा," मी म्हणालो. आवाज माइकमधून फार मोठा आला. "तिसरे तुम्ही आले. वामनकाका पळाले नाहीत. त्यांचा नंबर माझ्या पाकिटात होता, लिंबू मी खाल्लं."

रत्नप्रभाकाकूंनी पदर तोंडाला लावला. फुलसिंग एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. काकांकडे बघायची मला हिंमत नव्हती. शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका उठले होते. त्यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, कपाच्या कडीत बोट घालून कप उचलला आणि छातीशी धरून उभे राहिले, दाराकडे तोंड करून. मंचाच्या तीन पायऱ्या उतरायच्या होत्या, मग खुर्च्यांमधून पार दारापर्यंत जायचं होतं. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अर्धंमुर्धं नोको सांगू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सगळ्याइले सांग. पुलापासून सांग."